अठरा फूट

मचाण अठरा फुटांवर होतं.
शिडीला सतरा पायऱ्या,
आणि सतरावीनंतर बैठकीवर जाताना
एक पाऊल हवेतून टाकावं लागायचं.
ऑर्विल म्हणायचा, तेवढं एक पाऊल आपलं,
बाकी सगळं झाडाचं काम.

पंधरा नोव्हेंबर, पहाटेचे पाच.
हरणांचा मोसम उघडतो त्या दिवशी
आमच्या गावात शाळासुद्धा बंद असते.
मी थर्मास भरला.
तो गॅरेजमधला दिवा मालवत होता, तेव्हा
खुंटीवर ते दिसलं:
मुलीनं नाताळात दिलेलं हार्नेस,
घडी दुकानातल्यासारखी,
किमतीची चिठ्ठी अजून लोंबणारी.
"ऑर्विल, ते..."
"चाळीस वर्षं चढतोय, व्हर्ना."
मी पुढे बोलले नाही.
थर्मासचं झाकण आणखी एकदा पिळलं.

त्या सकाळचं एवढंच माझ्या वाट्याचं.
बाकीचं इतरांकडून आलं, तुकड्यातुकड्यांनी.

रायफल खालीच होती, रिकामी,
वर ओढून घ्यायच्या दोरीला बांधलेली.
हा एक नियम तो पाळायचा.
शेरीफच्या माणसानं तेवढं वहीत लिहून घेतलं,
मला वाटतं, जरा कौतुकानंच.

पाचोळ्यात तो सहा तास होता.
दहा वाजता मी फोन केला,
दूध आणशील का म्हणून.
फोन त्याच्या पँटच्या मागच्या खिशात.
हात तिथवर पोचेना.
वाजलेला त्याला ऐकू आला,
थरथरलेला कळला नाही.
तेव्हाच समजलं, म्हणाला.

आणि एक हरणी आली होती.
त्याच्या बुटाचा वास घेऊन
घाई नसल्यासारखी निघून गेली.
हे त्यानं रात्रपाळीच्या नर्सला सांगितलं, मला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर
मचाण काढायला मी गेले.
शेजारचा वाल्फ्रिड म्हणाला, मी चढतो.
तो एकाहत्तर वर्षांचा आहे.
मी म्हटलं, तू शिडी धर.
हार्नेस माझ्या मापाचं नव्हतं,
मांड्यांचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळले,
चिठ्ठी तशीच, गालाला लागत होती.
खोडाभोवतीचा दोर
दर दोन पायऱ्यांनी वर सरकवायचा,
मग पाय. मग पुन्हा दोर.
मुलं चालायला शिकतात तशी मी वर गेले,
वाल्फ्रिड खालून हवामानाबद्दल बोलत राहिला.

सतराव्या पायरीवर थांबले.
मचाण एका कानावर लटकलेलं,
आणि तुटलेल्या पट्ट्याचं टोक
बरोबर माझ्या डोळ्यांसमोर.
खारीचे दात.
पुढच्या बाजूला, उघड्यावर,
मक्याच्या कणसावर असतात तसे ओळीत.
जुने होते. कडा उन्हानं पांढऱ्या पडलेल्या.

मग मान वळवली तर
उघड्या फांद्यांतून आमचं घर दिसलं.
धुराडं, वाळत टाकलेली चादर,
स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण.
म्हणजे इतकी वर्षं तो इथे बसून
मला भांडी घासताना पाहू शकत होता.
हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.
मी वर किती वेळ होते माहीत नाही.
वाल्फ्रिडचं हवामान संपलं होतं,
त्यानं दोनदा हाक मारली.

संध्याकाळी ऑर्विलची खुर्ची खिडकीशी होती,
तोंड रानाकडे.
मी बटाटे सोलता सोलता म्हटलं,
पट्टा खारीनं कुरतडला होता.

बराच वेळ काही नाही.
एक अख्खा बटाटा सोलून झाला.
मग त्यानं विचारलं,
"कुठल्या बाजूनं?"

"खोडाकडच्या," मी म्हटलं.
"चढताना दिसत नाही तिथून."