ऐंशी सेंटिमीटर

तिबिलिसी, सोलोलाकीचा चढ, अकरा नंबर.
फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं लेवानच्या.
दोन दिवस हे घर मापतोय आम्ही
आणि बेरीज काही जुळत नाही.

बाहेरून एकोणीस मीटर चाळीस.
आतून, भिंतींची जाडी धरून, अठरा साठ.
मधले ऐंशी सेंटिमीटर
घर गिळून बसलंय.

उंबऱ्यात खडे बसवून लिहिलंय: साल्वे.
या, बसा, अशा अर्थाचं लॅटिन.
तंबाखूवाल्या खोजाबेगोवला ती भाषा येत नव्हती,
पण शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर होतं,
मग ह्याच्याही नको?
पहिलं अक्षर टाचांनी कधीच नेलं.
उरलंय ते कुठल्याच भाषेतलं नाही.

जिन्याच्या छतावर रंगवलेली द्राक्षं, एक बगळा.
बगळ्याच्या पोटातून विजेची वायर निघते
आणि जाते खालच्या नऊ मीटरांकडे.
नऊ कुटुंबं, दाराशी नऊ घंटा,
संडासात नऊ दिवे, नऊ बटणं:
ज्याचं बूड, त्याचा उजेड.

नाचाच्या दालनाचे तेव्हा चार तुकडे झाले.
छतावरचं प्लास्टरचं फूल भिंतींखाली सापडलं.
दोन पाकळ्या पियानो शिकवणाऱ्या बेर्टा आब्रामोव्हनाला,
तीन ट्रामच्या कंडक्टरला,
एक झुझुनाच्या आईला, पोपडे धरलेली,
आणि मधला गोंडा बोळात, जिथे धुणं वाळायचं.
वाटणी फुलावरून नव्हती अर्थात,
डोक्यावरून होती. माणशी नऊ चौरस मीटर.

पुढे सुखुमीहून माणसं आली, बोटीतून, मग ट्रकमधून.
लाकडी सज्जाला काचा लावून, फटीत चिंध्या कोंबून
सहाजण तिथे राहिले.
त्या हिवाळ्यात वीज नव्हती, गॅस नव्हता.
ओकची जमीन
एकेक पट्टी करून शेगडीत गेली.
त्या कोपऱ्यात अजून पाऊल इंचभर खाली पडतं.
मी तिथे दोनदा अडखळले. लेवान हसला,
मग तोही अडखळला.

आता हॉटेल होणार.
"जसं होतं तसं करा," नवा मालक म्हणाला.
मी विचारलं, कधी होतं तसं?
त्याला वाटलं, मी पैशाचं बोलतेय.

सही फक्त झुझुनाची राहिलीय.
ब्याऐंशी वर्षं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.
दोन दिवस ती आमची आकडेमोड ऐकत होती,
आंबट आलुच्याची चटणी ढवळत.
शेवटी म्हणाली, "पोरी, मला विचारलं असतंस."

कपाट सरकवायला तिघं लागलो.
मागे फळ्या, फळ्यांवर वॉलपेपर: हिरवा, त्याखाली पट्ट्यांचा,
त्याखाली वर्तमानपत्र.
त्यामागे दालनाचं दुपाखी दार, उभंच्या उभं,
पितळी मुठीसकट.
उपटायला जास्त मजूर लागले असते,
म्हणून दोन्ही अंगांनी झाकून टाकलं होतं.

किल्लीच्या भोकातून रबरी नळी आलेली.
सायकलची असावी.
"बेर्टा पलीकडे रेडिओ लावायची, रात्री, बारीक करून.
बंदी असलेलं स्टेशन.
मी इथे टोक कानाला लावून पडायचे.
बातम्या कळायच्या नाहीत मला,
पण ती मध्येच खोकायची, ते कळायचं."
बेर्टाची खोली सोळा वर्षं रिकामी आहे.

मी नळी कानाला लावली.
पलीकडे लेवान फीत गुंडाळत होता,
खर्रर्र, आणि शेवटी टक्.

नकाशावर दार काढलं. दुपाखी, बंद.
नळीसाठी आमच्याकडे खूण नाही.

"जुळलं?" झुझुनानं विचारलं.
जुळलं, म्हणाले.
खरं तर दोन सेंटिमीटर अजून कमी भरतात.
ते मी वॉलपेपरच्या नावावर टाकले.