मागच्या चाकांचं कुलूप

रेमी, तू विचारतोस, घ्यावं का ते लॉकर,
मागच्या डिफरेन्शियलचं,
अकराशे डॉलर वरचे मोजून.
दुकानदार म्हणतो घ्याच. तुझा काका म्हणतो, साखळ्या घे.
माझ्याकडे मत नाही. वही आहे.
ट्रकच्या कप्प्यात, टायरच्या पावत्यांखाली.
नऊ वर्षांत बटण दाबलं सतरा वेळा,
दर खेपेला मिनिट, फार तर दोन.
सगळं मिळून अर्धा तास.
भाग देऊन बघ.
मी एकदा दिला होता, आणि वही मिटून टाकली होती.

आधी समजून घे.
साधा डिफरेन्शियल भला असतो.
वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला,
आतल्याला जवळचा, हे तो जाणतो,
दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतो.
पण एक चाक चिखलात नि एक खडकावर असलं
की त्याचा भलेपणा नडतो.
चिखलातलं गरगरतं, मागची काच माखून टाकतं,
आणि खडकावरच्याला बळ मिळतं तेवढंच
जेवढं चिखलातल्याला पेलवतं.
म्हणजे नाहीच.
ज्याला धरता आलं असतं, ते उभं.
आम्ही पाच भावंडं, मी तिसरी.
हे मला माहितीपुस्तक न वाचता कळलं.

बटण दाबलं की दोघांचा एकच दांडा होतो.
एवढंच.

नोंद पहिली: मेपलचा रस, अडीचशे गॅलनची टाकी,
भट्टीकडची चढण. निघाला.
नोंद नववी: उपयोग शून्य.
पोटच टेकलं होतं चिखलावर.
मागची दोन्ही चाकं एकदिलानं फिरली, एकदिलानं रुतली.
पेल्कीचा ट्रॅक्टर. सिरपचे दोन डबे गेले.
नोंद बारावी: सोडायला विसरले.
सोसायटीच्या दुकानासमोर, कोरड्या डांबरावर वळताना
टायर असे किंचाळले
की खताची पोती उचलणारे थबकले.
जुळलेलं नेहमी जुळलेलंच ठेवलं तर मोडतं.
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

चौदावी.
मार्चची अठ्ठावीस, रात्र.
व्हरमाँटचा हा पाचवा ऋतू तुला ठाऊक आहे,
रस्ता वरून वितळतो, खाली गोठलेलाच,
पाण्याला जायला जागा नसते.
रुग्णवाहिका खाली डांबरावर थांबलेली, वर येईना.
ओरेल मागच्या सीटवर,
छातीवर स्वतःचाच हात धरून,
जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.
पेल्कीच्या टपालपेटीखालच्या वळणाला
डावं चाक गेलं.
मी पाय दाबला. गरगर.
आणखी दाबला. नुसती गरगर, नि वास.

फिरत्या चाकावर बटण दाबायचं नसतं, रेमी.
दात तुटतात.
आधी पाय काढायचा. थांबू द्यायचं त्याला.
मागून त्याचा श्वास ऐकत
मी मोजलं, एक, दोन,
तीन.
जन्मात एवढं लांब काही मोजलं नाही.

खट्.
उजव्यानं दगड धरला.

दिवे दिसेपर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला,
साखळ्या असत्या तरी निघाला असता.
अजून म्हणतो. तुलाही सांगेल,
रोज तीन गोळ्या घेता घेता.
आणि कदाचित निघाला असताही.
पण त्या अंधारात, गुडघाभर राडीत वाकून
साखळ्या कुणी बांधल्या असत्या,
ते मी त्याला विचारलेलं नाही.

पंधरावी चिखल. सोळावी चिखल. सतरावी बर्फ,
आणि खरं सांगायचं तर तेव्हा गरज नव्हती,
सहज दाबून बघितलं.

तुझ्या दारापर्यंत डांबर आहे ना?
मग चांगले टायर घे, उरलेल्या पैशांत छप्पर शाकार.
पण तू त्या टेकडीवरची जागा बघतोयस असं कानावर आलंय,
झऱ्यापलीकडची, कच्च्या रस्त्याची.
तिथे ओडिलही येणार आहे म्हणे.
तर मग तुझं तू ठरव.
काकानं विचारलं तर सांग, काकू काही बोलली नाही.

वही मात्र मिळणार नाही.
चार पानं कोरी आहेत,
आणि छपराचं पाणी दुपारपासून ठिबकतंय.