आयर्विनला किती

विम्याच्या कागदात एक आडवी रेघ आहे, दादा म्हणाला.
जूनपासून नोव्हेंबर संपेपर्यंत
तिच्या वर बोट सापडली आणि वादळानं खाल्ली
तर एक पैसा मिळत नाही.
पाण्यावर रेघ ओढतात कशी, मी विचारलं.
तो हसला नाही.

सहा वर्षं तो आणि विशाखा बोटीतच राहतात.
साडेअकरा मीटर लांब, रुंदीला आमच्या माजघराएवढी.
दर वैशाखात तीच बोलणी, फोनवर, खरखरत:
त्रिनिदादची जागा भरली. ग्रेनाडाचं भाडं परवडत नाही.
कुणी खाडीत शिरून खारफुटीला
आठ दिशांनी दोर ताणून बसतं, जाळ्यातल्या कोळ्यासारखं.
कुणी सरळ विषुववृत्ताशी जाऊन राहतं,
तिथं म्हणे वादळाला गिरकीच घेता येत नाही.
यंदा बोट जमिनीवर चढवतो, म्हणाला,
आणि सांगलीला येतो.
समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच.
तिथं काय येतंय, तायडे?

आले. मोठं शीड सोबत, उसवलेलं,
विमानाला जादा वजनाचे पैसे भरून.
गणपती पेठेतल्या आमच्या हळदीच्या वखारीत
माळ्यावर पसरलं.
ताडपत्र्या शिवणारा हुसेन शिकलगार
त्याच्याभोवती दोनदा फिरला.
"एवढं जाड कापड फाडलं कुणी वो?"
"वाऱ्यानं."
"असंल," म्हणाला, आणि दोऱ्याला मेण लावायला बसला.

दादाला झोप येईना. पलंग हलत नव्हता.
विशाखा मात्र नळाखाली तास तास उभी,
गोडं पाणी वाया जाताना
डोळे मिटून ऐकत.

ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उचलले.
पेठेत एकच विचारणा: आयर्विनला किती?
अठ्ठावीस. जेवलास का विचारावं तसं.
चौतीस.
किती ते नको, दादा म्हणाला, तासाला किती चढतंय ते सांगा.
चाळीसला त्यानं बोलणं थांबवलं.
पंचेचाळीसला चपला काढल्या,
गॅसची टाकी गजाला बांधली, कपाट खांबाला,
हुसेनचं शिलाई मशीन माळ्यावर ओढून घेतलं.
त्याच्या गाठी मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या:
ताण आला की आवळतात,
आणि नंतर एका बोटानं सुटतात.
बाबांच्या हिशेबाच्या वह्या शिडात गुंडाळल्या.

एकोणपन्नासला, रात्री दोन वाजता, पाणी आत आलं.
उसने मागायला आलेल्या माणसासारखं,
आधी उंबऱ्याशी घुटमळून.
खालची पोती भिजली. टॉर्चच्या उजेडात
पायऱ्या पिवळ्या, भिंती पिवळ्या,
मांजर पोटापर्यंत पिवळं.
दादा पाचव्या पायरीवर बसून
दर अर्ध्या तासाला खडूनं खूण करत होता.

तेवढ्यात विशाखाचा फोन थरथरला.
तिकडच्या यार्डातल्या माणसानं फोटो पाठवलेला:
तुमची बोट, टेकूंवर, लख्ख उन्हात.
खाली गवत. सावलीला एक कोंबडी.
विशाखा हसायला लागली
आणि तिला थांबताच येईना.
दादा फोटो बघत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, त्या कोंबडीला हाकललं पाहिजे, घाण करते,
आणि सहावी पायरी चढला.

डिसेंबरात गेले. हुसेननं तिहेरी शिवण घातली होती,
पैसे निम्मेच घेतले, आणि का ते बोलला नाही.
परवा व्हिडिओ आला: शीड चढतंय,
घडीघडीतून पिवळी भुकटी सुटते आहे,
विशाखाच्या केसांत, दादाच्या भुवयांवर,
आणि मागं सगळं निळं.
धुतलं चारदा, म्हणते, जात नाही गं.

वखारीला चुना मारायला माणूस आला
तेव्हा जिन्याजवळची तेवढी भिंत
मी त्याला सोडायला लावली.

आता वैशाख. फोन वाजतो. खरखर.
रेघ, भाडं, खारफुटी.
मी म्हणते, आयर्विनला सहा फूट आहे,
पात्रात पोरं क्रिकेट खेळतात.
या.
शीड मात्र या वेळी
पहिल्या दिवसापासून वरच्या मजल्यावर.