सात पाणी

म्हसदीच्या माळावर हद्दीचा दगड सापडेना.
नकाशात होता.
शेवटी ठगुबाईनं काठीनं वेल उचलला, तेव्हा
खालून निघाला तो,
मागच्या मोजणीचा चुना अंगावर तसाच.

रानवाल. चैत्रात माळ भाजून तपकिरी,
आणि हा तीन-तीन पानं हलवत
आपल्यातच दंग.
वाळलेल्या शेंगांना पीळ पडलेला;
उन्हात एखादी तडकते
आणि बी उडतं पुढच्या गटात,
अर्ज न करता.

शिपायानं विळा काढला.
“काप,” ठगुबाई म्हणाली. “सासऱ्यानंही कापला होता.
मग खणत बसला. कमरेएवढा खड्डा झाला,
मूळ मांडीएवढं,
अन् अजून खालीच चाललेलं.
त्यात त्यानं लिंब लावला.
लिंब गेला.”

खाता का हे?
खातो. कडू असतं. सात पाण्यांत उकळायचं,
दर खेपेला पाणी फेकून द्यायचं.

मी कागदावरची मान न उचलता विचारलं,
दुष्काळात कुठून आणायचात
सात पाणी?

“बापू,
पानी ऱ्हातं, तं ह्या शेंगा
कसाले खातूत?”

साखळी गुंडाळली. शेऱ्यात लिहिलं: हद्द कायम.

तिनं दिलेल्या चार बियांतली एक
बसमध्ये दाताखाली धरली.
नेर गेलं, कुसुंबा गेलं.
धुळ्याला स्टँडवरच्या नळाशी चूळ भरली. एक.
पुन्हा भरली. दोन.
मागे रांगेत
माणसं बाटल्या घेऊन उभी होती.