तळमजल्यापुढची जागा

सोसायटीच्या नकाशात ती हिरवळ आहे.
प्रत्यक्षात गाजरगवत, एक मोडका कमोड
आणि वरून पडलेले कपड्यांचे चिमटे.

रविवारी कुदळ मारली तर ठणकन वाजली:
वीतभर खाली कुणाच्या तरी बाथरूमच्या टाइल्स,
निळे मासे त्यांवर.
तिसऱ्या मजल्यावरून गव्हाणकर म्हणाले,
"आमचे ते. नव्वद साली फोडले."

मग खाली आले, लेंग्यातच.
मासे वेचून त्यांनी वाफ्याची कड लावली,
तोंडं सगळी एका दिशेला.

चेंबूरची माती, अर्धं सिमेंट.
त्यात चटणीसाठी आणलेल्या जुडीतल्या
पुदिन्याच्या काड्या खोचल्या.
गव्हाणकर रोज वरून विचारतात, "फुटलं का काही?"

आज मातीत हिरवं दिसलं.
"आलं!" ते ओरडले.
वाकून पाहिलं तर चिमटा.

सांगितलं नाही.
पाणी घातलं.