अस्तनी

दर नोव्हेंबरला, वूच शहरात,
मोठ्या रस्त्यामागच्या तळघरातल्या थेटरात
तो सिनेमा लागतो. रात्री साडेअकराला.
एकशे बारा खुर्च्या, त्यातल्या नऊ मोडक्या.
पोरं राखाडी कोट घालून येतात,
डावी बाही मोहरीच्या रंगाची.
कुणी जुना स्वेटर कापून जोडलेली,
कुणी नुसती रंगवलेली, ओलीच घातलेली.
खुर्च्यांच्या हातांवर डाग पडतात,
सकाळी ते मी स्पिरिटनं पुसते.

प्रोजेक्टरही मीच चालवते.
सिनेमा एकशे त्र्याहत्तर वेळा पाहिलाय,
बराचसा भिंतीतल्या भोकातून.

गोष्ट सांगण्यासारखी नाही.
ट्रामचा एक तिकीट तपासनीस. रात्रपाळी. बर्फ.
विनातिकीट माणूस सापडला
की हा स्वतःच्याच पासाला भोक पाडतो.
शेवटी पास उरत नाही, नुसती भोकं उरतात.
आणि ती बाही पिवळी का,
ते सिनेमात कुणीच बोलत नाही.

बोलतात ते नंतर, दिवे लागल्यावर.
सेवेरिन म्हणतो,
कोट सरकारचा, हात तेवढा त्याचा.
कालिना म्हणते, पिवळा म्हणजे
माणसं वेचून काढताना लावायचे तो;
या शहरात हे समजावून सांगावं लागू नये.
मागचा एक दाढीवाला दरवर्षी सूर्य म्हणतो
आणि खाली बसतो.

या वर्षी शेवटच्या रांगेतून म्हातारी उठली.
गेनोवेफा. एक्क्याऐंशी. हातात थर्मास.
"कोट मी शिवला," म्हणाली.
"राखाडी कापड संपलं.
गिरणीच्या कँटीनचा पडदा होता,
त्यातून एक बाही निघाली."
थेटर हसलं. मग हसू मध्येच उसवलं.
सेवेरिन आपल्या बाहीकडे बघत राहिला,
आत दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा.

मग रंगवली का नाही? कुणीतरी विचारलं.
ती थर्मासचं झाकण फिरवत राहिली.
"वेळ होता," म्हणाली. "रंगही होता."
आणि बऱ्याच वेळानं:
"त्याला लाज वाटायची त्या बाहीची.
हात खिशात घालून वावरायचा.
कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.
नीट बघा एकदा."
आणि शेवटची ट्राम गाठायला निघून गेली.

मी बघितलं. एकटीनं, दीड वाजता, सातवं रीळ.
त्यात तो खबऱ्या ट्राममध्ये चढतो,
ज्यानं तपासनिसाच्या भावाचं नाव
कागदावर लिहून दिलं होतं.
अस्तनीतला निखारा म्हणतात, तो हा.
तापानं फणफणलेला. तिकीट नाही.
आणि हात खिशातून बाहेर येतो.
साऱ्या सिनेमात पहिल्यांदा.
पिवळी अस्तनी निखाऱ्याच्या कपाळाशी,
पंजा उलटा,
घरातलं माणूस ताप बघतं तसा.
मग कोट काढून तो त्याच्यावर पांघरूण घालतो.
पांघरूण घालणं याचे दोन अर्थ होतात.
सिनेमा त्यातला एकही निवडत नाही.
खट्. पासाला भोक.

एकशे त्र्याहत्तर वेळा मी खट् ऐकलं होतं.
हात पाहिला नव्हता.

आमच्या घरी एका फोटोतून काका कापलेले आहेत.
कागदपत्रं उघडली त्या वर्षी, आजीच्या कात्रीनं.
कात्री सरळ गेली नाही,
त्यामुळे आजोबांच्या खांद्यावर
काकांची चार बोटं राहून गेली.
ते आहेत अजून. पाबियानित्सेला,
पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद असते म्हणे.

मी रीळ उलटं फिरवलं.
कपाळावरून उठून हात खिशात गेला,
कोट उडून तपासनिसाच्या अंगावर चढला,
खबऱ्या पाठमोरा बर्फात उतरला.
कुणी कुणाचं काही लागत नव्हतं.
मग पुन्हा सुलटं.

सकाळी खुर्च्या पुसल्या.
पिवळं नखांत राहिलं, साबणानं गेलं नाही.
पाबियानित्सेची पहिली गाडी पहाटेची,
ती चुकली.
दुसरीची वेळ बघून ठेवली आहे.