वासाची जागा कोरी

शुक्रवारी सात वाजता, ओवेन्सबरोच्या
मासेमारी क्लबच्या तळघरात.
व्हर्लिन टॅकेट यादी करतो विजेच्या बिलामागे:
बाटल्या पाच. त्यात राय एकच,
राय म्हटलं की ड्वेनच्या कपाळाला आठी.
आधी सौम्य. जहाल ती शेवटी,
नाहीतर जीभ बधिर
आणि पुढचं सगळं मुसळ केरात.

ग्लास चर्चमधून उसने
(पाद्र्याच्या बायकोला सांगायचं, लिंबू सरबत आहे).
पाणी. खारी बिस्किटं. थुंकायला बादली,
कोणी वापरणार नाही, पण असावी.
घरी सोडायला लुएला:
अकरा वर्षं बाटलीला शिवली नाही,
शिवाय गाडी मोठी.

मग कार्डं.
रंग: जुन्या खोगिराचा.
चव: मका, जळकं लाकूड, मागून मिरी.
हे सगळं आठवणीतून.
वास:
इथे पेन थांबतं.

ज्या नाकावर चौतीस वर्षं घर चाललं,
गोदामात पिंपामागून पिंप हुंगत,
ते परवाच्या हिवाळ्यातल्या तापात गेलं ते गेलंच.
तेव्हापासून कॉफी नुसती गरम.
वारा फिरला की बायको म्हणते,
आज पिंपं घमघमताहेत,
आणि तो मान डोलावतो
गोदामाच्या भिंतीवरची काळी बुरशी बघत.

क्लबात कोणाला ठाऊक नाही.

सोळा कार्डांवर ती ओळ तो कोरी सोडतो,
खाली बारीक अक्षरात लिहितो:
तुम्हाला येईल तो लिहा.
मग एकेकाने मोठ्याने वाचा.
घाई नको.